दापोडी : वाटेवरच्या एका गांवाचा भूगोल आणि इतिहास

फ्रान्स देशांत पूर्वीं एक चांगला उपक्रम होऊन गेला. १८८९ आणि १९०० या दोन सालीं पॅरिस येथें जागतिक प्रदर्शनें भरलीं. त्या निमित्तानें तेथील पुष्कळ जिल्ह्यांत खेड्यांतील शाळामास्तरांस असें सांगण्यांत आलें कीं, ज्यानें त्यानें आपण शिकवितों त्या गांवाची एक वही लिहून काढावी. गांव कोठें वसलें, माती कशी, पाणी कोणतें, पीक काय, प्रार्थनामंदिर केव्हांचें, शाळा कधीं निघाली, लढाया, दुष्काळ आणि साथी यांतून काय गेलें व काय उरलें, इतकें साध्या भाषेंत, जमल्यास एका नकाशासह लिहावयाचें. शेंकडों मास्तरांनीं तें लिहिलें. ज्या गांवांचीं नांवें मोठ्या इतिहासाच्या एका ओळींतहि यावयाचीं नाहींत, अशा गांवांच्या त्या वह्या तेथील दप्तरखान्यांत जपून ठेविलेल्या आहेत, आणि विद्वान लोक त्या उघडून पाहतात.

हा वृत्तांत आमच्या वाचनांत आला तेव्हां आम्हांस कौतुक वाटलें, आणि त्याहून अधिक लाज वाटली. लाज वाटण्याचें कारण सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे.

आम्ही राहणारे चिंचवडचे. नोकरी पुण्यांतील एका शाळेंत. तीस-बत्तीस वर्षें लोकल गाडीनें जाणें-येणें केलें. दापोडीचें स्टेशन दिवसांतून दोनदां लागे. खिडकींतून नदीचा पूल दिसे, आणि आतां खडकी आली म्हणून आम्ही पिशवी सांवरून बसत असूं. दापोडीशीं आमचा संबंध एवढाच. एके वर्षीं आठवीच्या वर्गांत तेथील एक मुलगा होता. पानिपतचा धडा संपला तेव्हां त्यानें हात वर करून विचारलें, "सर, आमच्या दापोडींत काय घडलें?" तास संपत आला होता. आम्हीं घड्याळाकडे पाहिलें आणि म्हटलें, "दापोडींत काय घडणार? कांहीं नाहीं." वर्ग हंसला. मुलगा खालीं बसला.

तें उत्तर साफ चुकीचें होतें. किती चुकीचें होतें, हें कळावयास आम्हांस सेवानिवृत्त व्हावें लागलें. सवड मिळाल्यावर जुनीं पुस्तकें चाळूं लागलों, तेव्हां जें गांव आम्ही दररोज ओलांडीत होतों त्याचा वृत्तांत एकेक करून पुढें येऊं लागला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नास उशीरानें दिलेलें उत्तर होय.

ठिकाण

दापोडी म्हटलें कीं दूरच्या वाचकास कोंकणांतील दापोली आठवते. दापोली निराळी, ती रत्नागिरी जिल्ह्यांतली, कृषिविद्यापीठाची. आमची दापोडी पुण्याच्या वायव्येस, जुन्या शहरापासून सुमारें तीन कोसांवर, मुंबईच्या रस्त्यावर आहे. नदीच्या अलीकडे बोपोडी आणि पलीकडे दापोडी, असें जोडनांव पुणेकरांच्या तोंडीं असतें. जुन्या इंग्रजी कागदांत मात्र हेंच गांव ‘दापूरी’ असें लिहिलेलें सांपडतें. एवढ्या एका अक्षराच्या फरकानें गांवाचा इतिहास गांवापासून दुरावला आहे. ज्यास ‘दापूरी’ ठाऊक नाहीं त्यास दापोडीची माहिती मिळणें कठीण.

गांवाच्या पश्चिमेस पवना आणि दक्षिणेस मुळा, अशा दोन नद्या त्यास बिलगून वाहतात आणि गांवाच्या कोपऱ्याशीं एकमेकींस मिळतात. पवना लोणावळ्याच्या दक्षिणेकडील सह्याद्रींत उगम पावते, मावळांतून उतरते आणि चिंचवडास मोरया गोसावींच्या मंदिराजवळून वाहत येथवर पोहोंचते. मुळा मुळशीकडील डोंगरांतून येते. जिच्यावरील धरणाविरुद्ध सेनापति बापटांनीं १९२१ सालीं सत्याग्रहाचें रण माजविलें तीच ही मुळा. संगमानंतर नांव मुळेचेंच राहतें. पुढें ती पुण्यास मुठेला मिळते, मुळा-मुठा भीमेस मिळते, आणि भीमा पंढरपुरास चंद्रभागा म्हणवून घेते. मध्यें उजनीचें धरण नसतें तर दापोडीस पाण्यांत सोडलेलें तुळशीचें पान पंढरीच्या वाळवंटास लागावें, असा हा ओघ आहे. वारकऱ्यांचा ओघहि तोच. देहूहून निघालेली श्रीतुकाराममहाराजांची पालखी आकुर्डीच्या मुक्कामानंतर पिंपरी, कासारवाडी, फुगेवाडी असें करीत दापोडीस येते आणि येथील पुलावरून पुण्याकडे उतरते.

भूगोलाचा एक विशेष येथें सांगितला पाहिजे. पुण्यास वर्षाकांठीं तीस इंचांच्या आंतबाहेर पाऊस पडतो, तर लोणावळ्याकडे दीडशें इंचांहून अधिक. दापोडीस येणाऱ्या दोन्ही नद्या त्या मोठ्या पावसाच्या मुलखांतून येतात. म्हणून दापोडीस आभाळ उघडें असतांहि नदी दुथडी भरून येते. आज पवना आणि मुळशी हीं धरणें आहेत. पण तीं भरलीं आणि पाणी सोडलें म्हणजे संगमाजवळच्या सखल वस्तींत अजूनहि पाणी शिरतें आणि लोकांस रातोरात बिछाने उचलावे लागतात. दोन नद्यांच्या मध्यें वसणाऱ्याला सुपीक गाळाबरोबर ही भीतीहि वांटणीस येतेच.

आतां नकाशा पुढें घेऊन पाहावें. मुंबईकडून बोरघाट चढून जो कोणी पुण्यास येईल त्याला मुळा ओलांडावी लागते, आणि जुन्या वाटेनें तो ती दापोडीशीं ओलांडतो. दापोडी हा पुण्याचा उंबरठा. आमच्या शास्त्रांत देहलीदीपन्याय म्हणून एक दृष्टांत आहे. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा आंतल्या आणि बाहेरच्या दोन्ही बाजू उजळतो. उंबरठ्यावरच्या गांवाचें तसेंच असतें. आंत काय चाललें आहे आणि बाहेरून काय येत आहे, दोन्ही तेथें आधीं दिसतें. पुढील सर्व इतिहास या एका गोष्टींतून निघाला आहे.

छावणी

१८०२ च्या डिसेंबरांत दुसऱ्या बाजीरावानें वसईचा तह केला आणि पेशवाईनें इंग्रजांचा आश्रय पत्करला. पुढें एल्फिन्स्टन पुण्यास रेसिडेंट असतांना, १८१२ सालच्या सुमारास, त्याच्या सल्ल्यानें पेशव्यांनीं एक नवी कवायती फौज उभारली. शिपायांस पगार पेशव्यांच्या खजिन्यांतून मिळे. हुकूम मात्र इंग्रज अंमलदारांचा चाले. या फौजेचा मुख्य कॅप्टन फोर्ड, आणि तिची छावणी दापोडीस. शहरापासून फार दूर नाहीं आणि शहराच्या डोळ्यांपुढेंहि नाहीं, पाण्याची वाण नाहीं, मुंबईची वाट हाताशीं. छावणीस याहून चांगली जागा कोणती मिळणार? फोर्डनें येथें स्वतःसाठीं एक ऐसपैस बंगलाहि बांधला.

पेशव्यांच्या कारभाऱ्यांत मोरो दीक्षित मराठे नांवाचे एक वजनदार गृहस्थ होते. त्यांचा आणि फोर्डचा दाट स्नेह होता. १८१७ च्या पावसाळ्यानंतर बिघाड होणार हें दिसूं लागलें, तेव्हां या दोघां मित्रांचें जें बोलणें झालें तें इतिहासकारांनीं नोंदून ठेविलें आहे. दीक्षितांनीं फोर्डला सुचविलें कीं, आपण या भांडणांत पडूं नये. फोर्डनें उत्तर दिलें कीं, प्रसंग आला तर मला माझ्या जातभाईंकडेच उभें राहावें लागेल. तेव्हां दोघांनीं एकमेकांस शब्द दिला : ज्याचा पक्ष जिंकेल त्यानें हरलेल्याच्या बायकामुलांचा सांभाळ करावा.

५ नोव्हेंबर १८१७ रोजीं तो प्रसंग आला. एल्फिन्स्टन संगमावरील रेसिडेन्सी सोडून खडकीस गेला. तेथें कर्नल बर याच्या हाताखालीं इंग्रजांचें सैन्य उभें होतें. त्यास मिळण्यासाठीं फोर्डनें आपली पलटण दापोडीहून हालविली. बापू गोखल्यांच्या हुकमतीखालील मराठी फौजेंतून घोडेस्वारांची एक तुकडी या दापोडीच्या पलटणीवर चालून आली. तिच्या पुढें मोरो दीक्षित होते. फोर्डच्या तोफा सुटल्या आणि त्यांच्याच माऱ्यांत दीक्षित पडले. मित्रानें मित्राला नांव घेऊन मारलें असें नव्हे. पण गोळा मित्राच्या पलटणीचा होता.

या हकीगतींतील दुसरी गोष्टहि मनांतून जात नाहीं. ती पलटण पेशव्यांच्या पगारावर वाढली होती. तिच्या पायांतले जोडे आणि खांद्यावरची बंदूक पेशव्यांच्या पैशाची होती, आणि खडकीच्या माळावर ती पेशव्यांविरुद्ध उभी राहिली. बारा दिवसांनीं, १७ नोव्हेंबरास, पुणें इंग्रजांच्या हातीं गेलें. आम्ही वर्गांत खडकीची लढाई दरवर्षीं शिकवीत होतों. त्या लढाईचा एक पाय दापोडींत होता, हें मात्र आम्हांस वर्गांतल्या दापोडीच्या मुलास सांगतां आलें नाहीं.

बंगला

बाजीराव जून १८१८ मध्यें ज्या इंग्रज सेनानीच्या स्वाधीन झाले त्याचें नांव सर जॉन माल्कम. सालीना आठ लाखांचें वर्षासन देऊन त्यांना ब्रह्मावर्तास धाडण्याचा करार त्यानेंच केला. हाच माल्कम १८२७ सालीं मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. महाबळेश्वरीं ज्याच्या नांवाची माल्कमपेठ वसली तोच हा. पावसाळ्यांत गव्हर्नरास दख्खनच्या कोरड्या हवेंत राहावयास एक घर हवें होतें. १८२८ सालीं त्यानें दापोडीचा फोर्डचा बंगला सरकारासाठीं विकत घेतला. बाजीरावाच्या पगारी अंमलदाराचें घर, आणि त्यांत बाजीरावास गादीवरून उतरविणारा धनी! कालचक्राची अशी उलटापालट पाहावयास कोणा मोठ्या राजधानीसच जावें लागतें असें नाहीं.

त्यानंतर सुमारें पस्तीस वर्षें दरसाल पावसाळ्यांत मुंबई इलाख्याचा कारभार या लहानशा खेड्यांतून हाले. सर रॉबर्ट ग्रँट हे गव्हर्नर असतांना ९ जुलै १८३८ रोजीं येथेंच वारले. मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज आणि ग्रँट रोड हीं ज्यांच्या नांवाचीं तेच हे ग्रँट. ग्रँट रोडच्या स्टेशनावर आजहि लाखों माणसें चढतात-उतरतात. त्या नांवाच्या मनुष्यानें दापोडीस डोळे मिटले, हें त्यांतील किती जणांस ठाऊक असेल?

१८४८ ते १८५३ पर्यंत लॉर्ड फॉकलंड हे गव्हर्नर होते. त्यांच्या पत्नी लेडी फॉकलंड यांनीं पुढें आपल्या हिंदुस्थानांतील वास्तव्यावर ‘चाऊ-चाऊ’ या नांवाचें पुस्तक लिहिलें. तें १८५७ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतहि दापोडीचें घर आणि बाग यांचें वर्णन आलें आहे. विलायतेंत कोणी बाई शेगडीशीं बसून दापोडीचा पावसाळा वाचीत होती, आणि आम्ही मात्र तो खिडकींतून पाहूनहि पाहिला नाहीं! अतिपरिचयानें अवज्ञा होते असें जें शहाणे सांगतात तें याचसाठीं.

बाग

बंगल्याबरोबरच माल्कमच्या वेळीं येथें सरकारी वनस्पति-उद्यान सुरू झालें. केवळ शोभेची बाग करण्याचा हेतु नव्हता. परदेशचीं कोणतीं पिकें आणि झाडें या मातींत रुजतात, औषधी वनस्पति येथेंच लावून औषधांचा खर्च वांचवितां येईल काय, रोपें व बियाणें लोकांस कसें पुरवावें, असे ते प्रयोग होते. संगमाची गाळवट जमीन आणि बारमहा पाणी असल्यामुळें ही जागा त्यास योग्य ठरली.

या बागेच्या इतिहासांतील मोठें नांव डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन यांचें. हे स्कॉटलंडचे राहणारे, कंपनी सरकारचे वैद्य. दख्खनच्या खेड्यांतून देवी टोंचीत हिंडल्यामुळें त्यांस लोकांची आणि रानांची चांगली माहिती झाली होती. १८३८ च्या सुमारास बागेचा कारभार त्यांच्याकडे आला. दापोडी आणि जुन्नरजवळचें हिवरें अशा दोन ठिकाणच्या बागा ते पाहत. सोनामुखी, खुरासानी ओवा यांसारख्या वनस्पति लावून त्यांचीं औषधें ते सरकारी दवाखान्यांस पुरवीत. १८४७ सालीं ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. डोंगरांवरचीं झाडें तोडलीं कीं खालचे झरे आटतात, हें त्यांनीं सरकारला त्या काळीं बजावलें होतें. दोन नद्यांच्या कांठीं काम करणाऱ्या मनुष्यास पाणी कोठून येतें हा प्रश्न पडावा, हें साहजिकच. १८६१ सालीं निकोल डाल्झेल आणि गिब्सन या दोघांच्या नांवें मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील मोठा ग्रंथ निघाला.

परंतु आम्हांस अधिक ओढ वाटते ती एका निराळ्या मनुष्याची. १८४७ ते १८५० या काळांत गिब्सन यांनीं बागेंतील आणि सह्याद्रींतील वनस्पतींचीं रंगीत चित्रें एका चित्रकाराकडून काढून घेतलीं. अशीं दीडशेंहून अधिक चित्रें आज स्कॉटलंडांत एडिंबरो येथील राजकीय वनस्पति-उद्यानाच्या संग्रहीं आहेत. पान, देठ, फूल, फळ, फुलाचे आंतील भाग उकलून दाखविलेले, सर्व कांहीं इतकें नेमकें कीं शास्त्रज्ञांनीं तें प्रमाण मानावें. २००२ सालीं हेन्री नोल्टी या पंडितानें त्यांवर एक देखणा ग्रंथ सिद्ध केला, आणि त्यास नांव दिलें तें आमच्या गांवाचें : ‘दापूरीचीं चित्रें’.

ही चित्रें काढणारा पोर्तुगीज-हिंदी मनुष्य होता, एवढेंच लिहून राहिलें आहे. त्याचें नांव कोणीं टिपलें नाहीं. ज्यानें काम करविलें त्याचें नांव राहिलें, ज्या झाडांचीं चित्रें काढलीं त्यांचीं लॅटिन नांवें राहिलीं. ज्याच्या बोटांनीं तें काम केलें त्याचें नांव गेलें. आणि तो एकटा नव्हे. बागेस पाणी घालणारे, कलमें बांधणारे, रानांतून रोपें उपटून आणणारे जे माळी येथें पस्तीस वर्षें राबले, त्यांपैकीं एकाचेंहि नांव आमच्या वाचनांत आलेलें नाहीं. या झाडाला काय म्हणतात, असें साहेबानें विचारल्यावर उत्तर त्यांनींच दिलें असलें पाहिजे.

पुढें सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाले. त्यांनीं १८६४ पासून गणेशखिंडींत नवा प्रासाद बांधावयास घेतला. आज पुणें विद्यापीठाची जी मुख्य इमारत ती हीच. सरकारी बाडबिस्तारा तिकडे गेला, बागहि यथाकाल गणेशखिंडीस गेली, आणि दापोडी पुनः नदीकांठचें एक खेडें होऊन राहिली.

पूल, लोखंड आणि शहर

ती फार काळ तशी राहणें शक्य नव्हतें, कारण उंबरठा जागेवरच होता. १४ जून १८५८ रोजीं खंडाळा ते पुणें आगगाडी सुरू झाली आणि मुळेवर लोखंडी रस्ता आला. बोरघाटांतील काम त्या वेळीं पुरें झालें नव्हतें; तें १८६३ सालीं पुरें होईतों घाटाचा टप्पा उतारूंना पालखींतून किंवा घोड्यावरून ओलांडावा लागे. लॉर्ड हॅरिस हे १८९० ते १८९५ पर्यंत गव्हर्नर होते. क्रिकेटच्या खेळांत ते इंग्लंडच्या संघाचे कप्तान होते, म्हणून त्यांचें नांव मुलांना ठाऊक असतें. दापोडी-बोपोडी जोडणारा दगडी पूल त्यांच्या नांवें हॅरिस पूल म्हणून ओळखला जातो. आतां त्याच्या दोहों बाजूंस नवे पूल झाले आहेत. तरी लोक सर्वांस मिळून हॅरिस पूलच म्हणतात.

जेथें छावणी होती तेथें फिरून सैन्य आलें, तें आतां आपल्या स्वतंत्र देशाचें. १९४८ सालीं रुडकीहून सैनिकी अभियांत्रिकीचें विद्यालय दापोडीस हलविण्यांत आलें. रस्ते, पूल, सुरुंग, पाण्यावरील तराफे, असें सर्व शिक्षण येथें अंमलदारांस मिळतें. त्याच आवारांत सैन्याचें नौकानयनाचें केंद्र आहे. नाशिक जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांतला दत्तू भोकनळ हा जवान येथें वल्हें मारावयास शिकून २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत पोहोंचला.

१ जून १९४८ रोजीं अहमदनगर-पुणें मार्गावर पहिली एस.टी. धांवली. त्या एस.टी.ची मध्यवर्ती कर्मशाळा दापोडीस आहे. महाराष्ट्रांतील आडगांवच्या फाट्यावर धुरळा उडवीत येणारी गाडी कित्येक वेळां याच गांवीं अंग धरून बाहेर पडलेली असते. पुढें पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक पट्टा वाढला, तेव्हां रस्त्याच्या कडेस अल्फा लावल आणि सँडव्हिक या दोन कंपन्यांचे कारखाने आले. दोन्ही मूळच्या स्वीडन देशांतल्या. अल्फा लावलचा मूळ पुरुष गुस्ताफ द लावल. त्यानें १८७८ सालीं दुधांतून साय अलग करणारें फिरतें यंत्र काढलें. आमच्या माजघरांतली रवी जें काम घुसळून करते त्याच जातीचें काम करणारें यंत्र, आणि तें करणारी कंपनी आली ती दापोडीस.

त्याच वस्तींत आज त्रिरत्न बौद्ध महासंघाचा महाविहार आहे. कामधंद्यासाठीं मराठवाडा, विदर्भ, कर्नाटक अशा दूरदूरच्या मुलखांतून आलेलीं कुटुंबें तीन-तीन पिढ्या येथें नांदत आहेत. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली, आणि आतां दापोडी तिचा एक भाग आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून मेट्रोहि दापोडीस थांबूं लागली. तिच्या उंच खांबांवरून जातांना दोन्ही नद्या खालीं पोरांनीं पाटीवर ओढलेल्या रेघांसारख्या दिसतात.

येथें थोडें थांबून मागें पाहावें. सैनिकानें दापोडीस नदीचा उतार पाहिला, गव्हर्नरानें हवा पाहिली, वनस्पतिशास्त्रज्ञानें माती पाहिली, आगगाडीवाल्यानें पुलाची जागा पाहिली, कारखानदारानें रस्ता पाहिला. हत्तीला चांचपणाऱ्या आंधळ्यांप्रमाणें ज्याच्या हातास जें लागलें तें त्यानें लिहून ठेविलें. सगळे बाहेरून आलेले. आपलें काम झालें कीं पुढें गेले. ज्यांच्या अंगणांत हें सर्व झालें, त्या गांवकऱ्यांनीं स्वतः काय पाहिलें, हें कोणीच लिहिलें नाहीं.

उरलेलें काम

हें सर्व वाचून झाल्यावर गेल्या वर्षीं एकदां मुद्दाम दापोडीस उतरलों. संगमाकडे जाणारी वाट विचारीत होतों, तों एका गृहस्थानें वांकून नमस्कार केला. केस पिकूं लागलेले. तरी डोळे ओळखीचे. आठवीच्या वर्गांतील तोच मुलगा. आम्हीं त्यास रस्त्याच्या कडेसच छावणी, बंगला, बाग, चित्रें, सर्व सांगितलें आणि म्हटलें, "त्या वेळीं तुला दिलेलें उत्तर चुकलें."

तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "सर, माझी आजी म्हणायची, आपल्यांतले कुणी तरी फार पूर्वीं साहेबाच्या बागेंत माळी होते. तीं झाडांचीं कसलीं कसलीं नांवें सांगायची. मला वाटायचें, ती आपली म्हातारपणाची बडबड. एकदां विचारावें असें मनांत आलें होतें. पण गांवांत कांहीं घडलेंच नाहीं म्हटल्यावर कशाला विचारायचें?"

आजी जाऊन वीस वर्षें झालीं आहेत.

त्यानें तें सहज म्हटलें. त्यांत तक्रारीचा सूरहि नव्हता. आम्हांस मात्र घरीं येईतों दुसरें कांहीं सुचलें नाहीं. एडिंबरोच्या पेटींत असलेलीं चित्रें सुखरूप आहेत. दोनशें वर्षांनीं उघडलीं तरी तीं दिसतील. आजीजवळ जें होतें तें कोणत्याहि पेटींत नव्हतें. तें आमच्या एका वाक्यानें तिच्याजवळच राहिलें आणि तिच्याबरोबर गेलें. ज्या माळ्यांचीं नांवें कोणीं लिहिलीं नाहींत म्हणून आम्ही इंग्रजांस बोल लावतों, त्यांपैकीं एखादें नांव सांगूं शकेल अशी म्हातारी आमच्या वेळेपर्यंत जिवंत होती. तेव्हां बोल कोणास लावावा?

म्हणून वाचकांस, विशेषतः ज्यांच्या घरीं तीन पिढ्या एका छपराखालीं जेवतात अशा वाचकांस, आमची एक विनंति आहे. आपलें मूळ गांव कोणतें तें मुलांस नुसतें नांवापुरतें ठाऊक असतें; कुलदैवताच्या निमित्तानें वर्षाआड तेथें जाणेंहि होतें. पुढच्या खेपेस एक साधी वही बरोबर न्यावी. नदी कोणती, विहिरी किती, आड कोणीं बांधला, शाळा कोठें भरे, साथींत कोण गेलें, पुरानें कोठपर्यंत खूण केली, माळावरच्या पडक्या चौथऱ्याला लोक काय म्हणतात, असे दहा-पंधरा प्रश्न काढावे आणि घरांतील सर्वांत वडील मनुष्यापुढें मुलास बसवावें. स्वयंपाकघरांतल्या बायकांस आधीं विचारावें. त्यांच्याजवळ नांवें असतात. मोलमजुरी करणाऱ्या वृद्धांसहि आवर्जून विचारावें, कारण त्यांचें लिहिणारें सहसा कोणी नसतें. ऐकलेलें जसें ऐकलें तसें लिहावें, आणि कोणाकडून ऐकलें त्याचें नांव शेजारीं घालावें.

दापोडीची अशी वही आम्हीं सुरू केली आहे. तो विद्यार्थी दर रविवारीं आमच्याकडे येतो, आणि गांवांतील एकेका वृद्धाकडे आम्ही दोघे मिळून जातों. पहिल्या पानावर त्यानें आजीचें नांव लिहिलें आणि त्याखालीं तिच्या तोंडून ऐकलेल्यांपैकीं त्याला अजून आठवतात तीं झाडांचीं नांवें लिहिलीं. तीं तीनच निघालीं.